आडवा पडला तरी गळू नये: ६०० मिलीच्या डब्याच्या झाकणाची नोंदवही

वागळे इस्टेट, ठाणे. २०२५.

३ जून

काम: ६०० मिलीचा गोल स्टीलचा डबा, त्याला चार क्लिपांचं प्लास्टिकचं झाकण. डबा भाईंदरहून तयार येतो. एसएस ३०४, पत्रा ०.५ मिमी, तोंडाचा आतला व्यास ११० मिमी, काठ बाहेर वळवलेला. झाकण पीपीचं (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिक), खाली सपाट सिलिकॉन रिंग, ३ × ३ मिमी, ५० शोअर (रबराच्या कडकपणाचं माप). अट एकच: ५०० मिली गरम आमटी भरून डबा बॅगेत एक तास आडवा ठेवायचा, बाहेर थेंब येता कामा नये.

दुकानांतून परत आलेले २० डबे टेबलावर मांडले. सगळ्यांवर एकच शेरा: "रबर खराब." रिंगा काढून व्हर्नियरने मापल्या. सगळ्या २.९ ते ३.० मिमी. रबर खराब नाही. डबा गळला की दोष रबरावर टाकायची सवयच आहे. सुटं निघतं, स्वस्तात बदलता येतं, म्हणून.

४ जून

आधी कागदावर हिशोब. डबा आडवा पडला की आमटीची उंची जास्तीत जास्त ११० मिमी. त्या उंचीचा दाब १.१ किलोपास्कल, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. नुसत्या आमटीला अडवायला बोटाने दाबलेलं झाकणही पुरेल.

ढकलते ती हवा. भरल्यावर वर काठापर्यंत साधारण १२० मिली जागा उरते. झाकण लावताना तिथली हवा ३० अंशाची असते. क्लिपा लागल्या, डबा हलला, हवा तापून ६० अंशावर गेली. नुसत्या तापण्याने दाब सुमारे १० टक्के वाढतो. त्यात ६० अंशाच्या वाफेचे आणखी २० किलोपास्कल. झाकण लावतानाच हवेत असलेली वाफ वजा करून, मिळून बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे २६ किलोपास्कल जास्त. झाकणाचं क्षेत्रफळ ९५ चौ. सेंमी, म्हणजे झाकण वर उचलणारं बल जवळपास २५ किलो. एका क्लिपच्या वाट्याला सव्वासहा.

आतली हवा ८० अंशांवर गेली तर हाच आकडा ६० किलोपास्कलच्या आसपास जातो. घरगुती कुकरची शिट्टी साधारण ९८ किलोपास्कलला उडते. डबा म्हणजे शिट्टी नसलेला अर्धा कुकर, हे ध्यानात ठेवूनच पुढचं.

६ जून

चाचणी कशाने घ्यायची हा प्रश्न. आतापर्यंत नळाचं पाणी भरून डबा टिश्यूवर उलटा ठेवत होते. ही चाचणी फसवी आहे. पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलीन्यूटन प्रति मीटर, तेलाचा त्याच्या निम्म्याहून कमी. पाणी सिलिकॉनवर थेंब धरून बसतं. तर्री पसरते, आणि पाणी जिथे अडतं त्या फटीतून सहज पुढे सरकते. पाण्याला पास झालेला डबा मिसळीला नापास होतो तो यामुळे.

म्हणून द्रव बदलला: १ लिटर पाणी, १० ग्रॅम धुण्याचा सोडा, भांड्यांच्या लिक्विड सोपचे ५ थेंब. साबणाने पृष्ठताण तेलाच्या जवळ येतो. सोडा आहे तो दुसऱ्या कामासाठी.

हळदीचे कागद: १ चमचा हळद ५० मिली स्पिरिटमध्ये ढवळून गाळून घेतली (हळदीचा रंग स्पिरिटमध्ये उतरतो, पाण्यात नीट उतरत नाही). टिश्यूच्या २० मिमी रुंद पट्ट्या त्यात बुडवून सावलीत वाळवल्या. पट्टी झाकण आणि डब्याच्या सांध्यावर बाहेरून गुंडाळायची. सोड्याचं पाणी जिथून पाझरेल तिथे पिवळ्यावर लाल ठिपका उठतो. हळदीला चुना लावून कुंकू करतात, तीच क्रिया. सुईच्या टोकाएवढी गळतीही दिसते, आणि नेमकी कुठे तेही कळतं. ठिपक्याची जागा घड्याळाच्या काट्याप्रमाणे लिहायची: एका क्लिपवर १२, पुढे उजवीकडे ३, ६, ९.

दोन गोष्टी जपायच्या. साबणाने हात धुऊन लगेच पट्टीला हात लावला तर बोटांचे ठसे लाल उठतात. हात साध्या पाण्याने धुवावेत. आणि ठिपका वाळल्यावर फिका पडू शकतो, म्हणून पट्टी सोडायच्या आधी पेनने गोल करून ठेवावा. ॲल्युमिनियमच्या डब्याला हे पाणी वापरू नये, सोडा ॲल्युमिनियम खातो.

९ जून

२० च्या २० डबे गळाले. ठिपके बहुतेक १.३०, ४.३०, ७.३०, १०.३० ला, म्हणजे दोन क्लिपांच्या बरोबर मध्ये.

इथे घाईने निष्कर्ष काढला नाही. प्रत्येक डब्याचं झाकण ४५ अंश फिरवून पुन्हा लावलं आणि नवी पट्टी गुंडाळली. ठिपका झाकणाबरोबर फिरला तर दोष झाकणाचा, डब्याबरोबर जागेवर राहिला तर दोष काठाचा. १४ डब्यांत फिरला, ४ मध्ये जागेवर राहिला, २ मध्ये दोन्ही. ही एक चाचणी बाकी सगळ्या मोजमापांच्या आधी करावी. पाच मिनिटं लागतात आणि पैसे लागत नाहीत.

जागेवर राहिलेले चार डबे सरफेस प्लेटवर पालथे घातले. एका ठिकाणी ०.१५ मिमीचा फीलर (फट मापायची पातळ पट्टी) आत जातो. काठ वळवताना पडलेली लाट, किंवा गठ्ठा रचताना लागलेला ठोका. हे पुरवठादाराला कळवायचं, पण ०.१५ मिमी ही रिंगने गिळायची चूक आहे. रिंग ती गिळत नसेल तर रिंगवर दाबच पोचत नाहीये.

११ जून

डायल गेजने झाकणाची कड मापली. क्लिपखाली आणि दोन क्लिपांच्या मध्ये उंचीत ०.५ मिमी फरक. रिंगचं एकूण दबणं ०.७५ मिमी धरलेलं, म्हणजे मध्ये फक्त पाव मिमी दबते. ८० अंशाचं पाणी भरून दहा मिनिटांनी पुन्हा: फरक ०.९ मिमी. मध्ये रिंग काठाला टेकतच नाही. गरम पीपी मऊ पडतं. ६०-७० अंशांना त्याचा ताठपणा खोलीतल्या तापमानाच्या निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतो. थंड पाण्यावर पास, गरम आमटीला नापास, याचं दुसरं कारण हे.

ही रिंग सगळीकडून ०.७५ दाबायला लागणारं बल वजनकाट्यावर पाहिलं: २४ किलो. त्यावर आतल्या हवेचे २५. एवढं बल चार प्लास्टिकच्या क्लिपांकडून, तेही दिवसेंदिवस, मागणं चूक आहे. पीपी सतत ताणाखाली राहिलं की हळूहळू सैल पडतं.

१६ जून

सुचवलेले उपाय आणि त्यांची वासलात:

क्लिपा सहा किंवा आठ. गळती थांबेल, पण डबा उघडताना नखं तुटतील. नको.

झाकणाची कड २ ऐवजी ३ मिमी जाड. ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, म्हणजे ३.४ पट. पण जाड जागी पीपी उशिरा थंड होऊन आत खेचलं जातं आणि खड्डा पडतो, तोही नेमका रिंगच्या खाचेत. नको. त्याऐवजी कडेला १.२ मिमीची उभी रिब, उंची ६ मिमी. ही ठेवली.

मऊ रिंग, ३० शोअर. बल कमी लागतं, पण धुताना फाटते आणि खाचेत पिळली जाते. नको.

मग मूळ रचनाच बदलायची. रिंग काठाच्या डोक्यावर दाबण्याऐवजी झाकणाचा एक बुडखा डब्याच्या तोंडात ९ मिमी आत उतरवायचा आणि रिंग त्याच्या बाजूला, डब्याच्या आतल्या भिंतीला घासून बसवायची. मग रिंगचा दाब क्लिपांवर अवलंबून राहत नाही. क्लिपांनी फक्त झाकण वर येऊ द्यायचं नाही. मध्ये झाकण अर्धा मिमी उचललं गेलं तरी रिंग भिंतीवर सरकते, सुटत नाही.

रिंगचा छेद: मधे कणा, बाहेर दोन पाती. खालचं पातं तिरकं खाली, वरचं तिरकं वर. आतून दाब आला की तो खालच्या पात्यामागे शिरून त्याला भिंतीवर आणखी दाबतो. हवा जेवढी ढकलेल तेवढं घट्ट. आतल्या झाकणाच्या कुकरचं तत्त्व हेच. थंड झाल्यावर आत पोकळी होते तेव्हा वरचं पातं तेच काम उलट्या दिशेने करतं. पातं मुळाशी ०.८, टोकाला ०.५, लांबी २.२ मिमी. रिंगचा मोकळा व्यास १११.६, म्हणजे प्रत्येक बाजूला ०.८ मिमी चेप. डब्यांचे आतले व्यास १०९.७ ते ११०.४ आले आहेत, त्यात हे बसतं.

दोन्ही बाजूंनी सारखा छेद मुद्दाम. धुतल्यावर रिंग उलटी बसवली जाणारच. कुठली बाजू वर हे बाण काढून सांगायची वेळ आली तर रचनाच चुकली.

२७ जून

हाताने कापलेल्या नायलॉनच्या बुडख्यावर नमुना रिंग. गळती शून्य. पण झाकण बसेना. एका बाजूने दाबलं की दुसऱ्या बाजूने वर येतं.

कारण पंपाचं. पाती भिंतीला टेकल्यानंतर झाकण आणखी ४ मिमी खाली जातं. ९५ चौ. सेंमी गुणिले ०.४, म्हणजे ३८ मिली. १२० मिली हवा ८२ मध्ये कोंबायची, दाब जवळपास दीडपट. झाकण सायकलच्या पंपासारखं परत वर येतं. अर्ल टपरच्या प्लास्टिकच्या डब्यांचं झाकण (अमेरिकन पेटंट १९४९ चं, कल्पना रंगाच्या डब्याच्या झाकणावरून घेतलेली) मधोमध दाबून हवा काढायला लागायची, ती याचसाठी. तिथे मऊ पॉलिथिन होतं, मधोमध दबायचं. आपलं झाकण दबत नाही.

म्हणजे हवेला भोक हवं. ५ मिमीचं भोक, त्यात सिलिकॉनची गुडदी.

३० जून

भोक पाहून पहिली शंका: आता इथून गळणार. हिशोब उलट सांगतो. ५ मिमीच्या भोकाचं क्षेत्रफळ १९.६ चौ. मिमी. २६ किलोपास्कलला गुडदीवर बल फक्त अर्धा न्यूटन, ५० ग्रॅम. तेच बल पूर्ण झाकणावर २५ किलो. लहान भोक धरून ठेवणं सोपं.

उघडतानाही तेच. भोक उघडं ठेवून वाफ जाऊ दिली, मग बंद केलं आणि डबा ६० वरून ३५ अंशांवर आला, की आत सुमारे २० किलोपास्कलची पोकळी होते. ती झाकणाला २० किलोने खाली ओढते. दुपारी एक वाजता कॅन्टीनमध्ये दोघे जण डबा ओढत असतात ते हेच. गुडदीवर तीच पोकळी ४० ग्रॅम. नखाने उचलते, फुस्स होतं, झाकण सुटतं.

पण गुडदी सुटी ठेवली तर लोक विसरणार. म्हणून चारपैकी एका क्लिपला आतल्या बाजूला १० मिमीची जीभ, ती गुडदी दाबते. झाकण पूर्ण खाली बसल्याशिवाय ही क्लिप काठाखाली पकडतच नाही, म्हणजे झाकण दाबताना भोक आपोआप उघडं. क्लिपा कुठल्याही क्रमाने लावा. ही क्लिप वेगळ्या रंगाची, उघडताना आधी हीच उचलायची.

दाब वाढला की आपोआप सुटणारा व्हॉल्व्ह टाकावा का, यावर बराच खल. नाही टाकला. डबा आडवा असेल तर व्हॉल्व्हमधून वाफ नाही, आमटी बाहेर येईल. त्याऐवजी सूचनापत्रकात एक ओळ: गरम पदार्थ भरल्यावर रंगीत क्लिप दोन मिनिटांनी लावा. आंबणारं पीठ आणि ताक मात्र तासन्तास गॅस सोडत राहतं. त्यासाठी दोन मिनिटांचा उपयोग नाही. पत्रकात तेही.

२२ जुलै

रबाळ्याहून पहिले शॉट (साच्यातून काढलेली पहिली झाकणं) आले. बुडख्याचा व्यास १०८.४ हवा होता. मशीनवरून काढून तासाभरात मापला तेव्हा १०८.५, दोन दिवसांनी १०८.३. पीपी दीड ते दोन टक्के आकसतं आणि साच्यातून निघाल्यावरही थोडं आकसत राहतं. यापुढे ४८ तासांनंतरचंच माप धरायचं, आणि साचा दुरुस्त करायचा निर्णय गरम शॉटवर घ्यायचा नाही.

गोलाई: चार क्लिपांच्या मुळाशी माल जास्त, तिथे आकसणंही जास्त, बुडखा किंचित चौकोनी. क्लिपच्या मुळाची जाडी १.८ वरून १.४ केली, होल्डिंग प्रेशर दोन सेकंद वाढवलं. ०.३५ चा फरक ०.१५ वर आला. पात्यांना तेवढा चालतो.

क्लिपचा बिजागर: तिथली पातळ जागा ०.३५ मिमी. माल बिजागराला आडवा ओलांडून वाहायला हवा. गेट (साच्यात माल शिरतो ती जागा) मधोमध असल्याने तसंच होतं. साच्यातून काढल्यावर गरम असतानाच प्रत्येक क्लिप दोनदा पूर्ण दुमडायची, रेणू बिजागराला आडवे ओलांडून रांगेत लागतात. ऑपरेटरने ही पायरी एका पाळीत गाळली होती. त्या पाळीचा माल वेगळा काढला.

२९ जुलै

जुन्या वायपर मोटरवर क्लिप उघडझाप. दिवसाला दोनदा, वर्षाला ३०० दिवस, तीन वर्षं म्हणजे १८०० वेळा. चाचणी ३००० ची. दुमडलेल्या पाळीच्या आठही क्लिपा टिकल्या, पांढरी रेघ उठली पण चीर नाही. न दुमडलेल्यांपैकी तीन १२०० च्या आत तुटल्या.

फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवून उघडलेली होमोपॉलिमरची (नुसत्या प्रॉपिलीनच्या पीपीची) क्लिप काचेसारखी तडकली. पीपी शून्याच्या आसपास ठिसूळ होऊ लागतं. कोपॉलिमर (इथिलीन मिसळलेलं पीपी) घेतलं. थोडं कमी ताठ आहे, पण ताठपणा आता रिबकडे आहे.

५ ऑगस्ट

रिंगांचा पहिला लॉट तुर्भ्याहून. हळदीच्या पट्टीवर एकसारखी लाल रेघ, पूर्ण वर्तुळभर. असा प्रकार पहिल्यांदाच. भिंगातून पाहिलं: साच्याच्या दोन अर्ध्यांचा सांधा पात्याच्या टोकावरच आलाय, तिथे ०.१ मिमीची फ्लॅश (सांध्यातून बाहेर आलेला पातळ पापुद्रा). पातं भिंतीला टेकत नाही, फ्लॅश टेकते. कात्रीने कापून उपयोग नाही, दातरे राहतात. साचा बदलून सांधा कण्यावर आणायला सांगितलं. ड्रॉइंगवर "या कडेवर सांधा नको" एवढं लिहायचं राहिलं होतं, चूक आमची.

त्याच लॉटला वास. २०० अंशांवर चार तासांचं पोस्ट-क्युअर (साच्यातून काढल्यावर भट्टीत तापवणं) झालेलं नव्हतं. ते केल्यावर वास गेला.

१२ ऑगस्ट

मध्येच ताकाच्या बाटलीचा प्रश्न आला: हीच दोन पात्यांची रिंग तिथे घालायची का? नाही. फिरकीच्या झाकणात आटे सगळीकडून सारखं ओढतात, तिथे साधी सपाट रिंग पुरते. शिवाय ४० मिमीचं तोंड, २६ किलोपास्कलला फक्त सव्वातीन किलो.

१८ ऑगस्ट

गर्दीची चाचणी. ट्रान्स-हार्बरच्या लोकलमध्ये बॅग पोटाशी धरलेली असते, डबा आडवा आणि बाजूने चेपलेला. आडव्या डब्यावर १५ किलोची वाळूची पिशवी, एक तास. ठिपके नाहीत. २० किलोला दोन डब्यांत, दाब होता त्याच्या काटकोनात, ३ आणि ९ ला: डबा तिथे रुंद होतो. चेप ०.८ वरून ०.९ केली. झाकण बसवायला लागणारा जोर थोडा वाढला. याहून पुढे जायचं नाही.

दुसरी अडचण याच दिवशी दिसली. कोरडं झाकण घाईने तिरकं दाबलं की खालचं पातं कधीकधी वर दुमडतं आणि त्या जागी पट्टीवर २०-३० मिमीचा लाल पट्टा येतो. पात्याचा खालचा कल १० अंशांनी कमी केला आणि बुडख्याच्या टोकाला २ मिमीचा उतार दिला, म्हणजे पाती पोचायच्या आधी झाकण मधोमध येतं. ५० वेळा तिरकं दाबून पाहिलं, एकदाही दुमडलं नाही.

३ सप्टेंबर

गौरी-गणपतीनंतर काम सुरू. पंधरा दिवस आमटी-भाजी भरून वापरलेली सहा झाकणं तपासली. पांढऱ्या रिंगा पिवळ्या पडल्या. सिलिकॉन हळद पितं, निघत नाही. लाल-तपकिरी रंग ठरवला. लसणाचा वास उन्हात दोन दिवस ठेवल्यावर बराच उतरतो, पण या महिन्यात ऊन कुठे.

खाचेत बुरशीचे काळे ठिपके, सहापैकी दोन. रिंग काढलीच गेली नव्हती. खाचेचे आतले कोपरे १ मिमी त्रिज्येने गोल केले आणि एका जागी १२ मिमीची फट ठेवली, बोट घालून रिंग उचलता यावी म्हणून. रिंग चिकटवून टाका अशी सूचना विक्रीकडून आली होती. चिकटवलेली रिंग कधीच सुटणार नाही आणि कधीच स्वच्छ होणार नाही.

पीपी आणि रंगाचा मास्टरबॅच (प्लास्टिकमध्ये मिसळायचे रंगाचे दाणे) आयएस ९८४५ नुसार प्रयोगशाळेत पाठवला. एकूण मायग्रेशनची (प्लास्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या द्रव्यांची) मर्यादा ६० मिग्रॅ प्रति किलो, किंवा १० मिग्रॅ प्रति चौ. डेसिमीटर. रंगीत क्लिपचा मास्टरबॅच वेगळा आहे, त्याचा नमुनाही वेगळा.

१५ सप्टेंबर

दुरुस्त रिंगा, दुरुस्त झाकणं, ३० डबे. ८० अंशाचं सोड्याचं पाणी ५०० मिली, रंगीत क्लिप दोन मिनिटांनी, एक तास आडवा. दर पंधरा मिनिटांनी पाव फेरी. २९ पट्ट्या पिवळ्या.

तिसावी: एक ठिपका, ७ वर. झाकण ४५ अंश फिरवलं, ठिपका डब्याबरोबर राहिला. आतल्या भिंतीवर काठाखाली ६ मिमीवर पॉलिशचा उभा ओरखडा, नखाला लागेल एवढा. रिंग आता डोक्यावर नाही, भिंतीवर बसते. तेव्हा काठाच्या सपाटीपेक्षा भिंतीच्या वरच्या १० मिमीचा गुळगुळीतपणा महत्त्वाचा. भाईंदरच्या ड्रॉइंगमध्ये काठाची ०.१५ ची अट सैल करून ०.३ केली आणि नवी ओळ घातली: काठाखालच्या १० मिमी पट्ट्यात उभं पॉलिश नको, फक्त गोल फिरतं.